‘प्रिय बाई’ : नापासांनी तपासलेली शाळा

इटलीतील बार्बियाना या डोंगरी वस्तीच्या शाळेतील आठ मुलांनी मिळून लिहिलेले एक दीर्घ पत्र मे १९६७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. ‘प्रिय बाई’ या नावाने ते मराठीत आले आहे. नापास करून मुलांना शाळेबाहेर घालवणाऱ्या एका शिक्षिकेला उद्देशून ते लिहिलेले आहे. साहित्यकृती म्हणून या पत्राचे मोल कोणते, आणि कोल्हापुरातील आपल्या कुटुंबांनी ते का वाचावे, याचा थोडा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

या शाळेचे प्रवर्तक फादर लोरेन्झो मिलानी (१९२३–१९६७). फ्लॉरेन्सच्या सधन घराण्यात जन्मलेल्या या धर्मगुरूंची नेमणूक डिसेंबर १९५४ मध्ये बार्बियानाच्या आडवळणी धर्मग्रामात झाली. वरिष्ठांना त्यांची मते रुचत नव्हती. नेमणूक म्हणजे दूर सारणेच होते. दूर सारलेल्या या धर्मगुरूने शाळेने दूर सारलेली शेतकऱ्यांची मुले जवळ केली. वर्षाचे ३६५ दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत शाळा; मोठ्याने लहानाला शिकवायचे; वर्तमानपत्राचे सामूहिक वाचन करायचे. पुस्तक निघाले आणि महिनाभरातच, २६ जून १९६७ रोजी, फादर निवर्तले. पन्नास वर्षांनी, २० जून २०१७ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी बार्बियानाला जाऊन त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली.

पुस्तकाचे सामर्थ्य त्याच्या लेखनपद्धतीत आहे. मुलांनी आपले विचार चिठ्ठ्यांवर टिपले, एका विषयाच्या चिठ्ठ्या एकत्र लावल्या, पुनरुक्ती गाळली आणि अवघड शब्दाच्या जागी सोपा शब्द शोधला. त्यामुळे येथे अलंकार नाहीत, करुणेची याचनाही नाही. शेतकऱ्याचा गियान्नी शाळेतून गळतो आणि डॉक्टरांचा पिएरिनो सहज वर चढतो, हे मुले नुसते सांगत नाहीत. वर्गांची हजेरीपत्रके व सरकारी आकडे तपासून ती गळालेली मुले मोजतात. नापास हा शिक्का ज्यांच्यावर बसला, त्यांनीच शाळेची परीक्षा घ्यावी, ही या पत्राची खरी नवलाई.

तथापि पुस्तकात उणिवा आहेत. बाईंना उत्तर देण्याची संधी कोठेच नाही. भरगच्च वर्ग आणि ठरलेला अभ्यासक्रम यांत त्याही अडकलेल्या असतील, ही शक्यता मुलांच्या रागाला दिसत नाही. पिएरिनोही एक मूलच आहे, हे विसरले जाते. बार्बियानाच्या शाळेत खेळाला जवळजवळ जागाच नव्हती, हेही आम्हांस खटकते.

येथे आपल्या कोल्हापूरच्या लीलाताई पाटील यांचे स्मरण होते. १९८५ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘सृजन आनंद विद्यालया’च्या नावातच बार्बियानात नसलेली गोष्ट आहे. मूल पडल्यावर त्याला उचलणे हे बार्बियानाचे काम. ते पडूच नये म्हणून पहिल्या इयत्तेपासून त्याला शिकण्याची गोडी लावणे हे लीलाताईंचे. तरीही दोन्ही शाळांचा पाया एकच : मुलाच्या स्वतःच्या शब्दावर विश्वास. ‘लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं’ हे लीलाताईंच्या एका पुस्तकाचे नाव बार्बियानाच्या भिंतीवरही शोभले असते. ‘प्रिय बाई’चा कडवटपणा ज्यांना सोसवणार नाही, त्यांनी लीलाताईंचे लेखन जोडीने वाचावे.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. आज पालक मुलाला आपणहून पाठवतो आणि अनेक ठिकाणी शाळाच त्याला परत धाडते. नववीत मूल अडले की पालकांना बोलावून ‘दाखला काढून घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असे सुचवले जाते. दहावीचा शंभर टक्के निकाल तेवढा शाबूत राहतो.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढण्यास मनाई केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली, पण काढून टाकण्याची दिली नाही. नववीचे मूल मात्र या संरक्षणाच्या बाहेर राहते. शिवाय हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न सरन्यायाधीशांपुढे ठेवला. त्याचे उत्तर काहीही येवो, आपल्या संस्थांपुरती गोष्ट स्पष्ट आहे : जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे सदसद्विवेकबुद्धीचा पोहोचला पाहिजे. अल्पसंख्याकांचा हक्क आपण मिळवला तो आपली लेकरे सांभाळण्यासाठी. दुबळ्या लेकराला दार दाखवण्यासाठी नव्हे.

बार्बियानाच्या मुलांच्या मागण्या तीनच आहेत. नापास करू नका, मंद वाटणाऱ्याला अधिक वेळ द्या, आळशी वाटणाऱ्याला ध्येय द्या. यातील दुसरी तर कोणत्याही धर्मग्रामाच्या आवाक्यातली आहे. संध्याकाळी रिकामे असणारे सभागृह, निवृत्त शिक्षक आणि महाविद्यालयात जाणारी आपली मुले-मुली एवढ्यावर अभ्यासवर्ग उभा राहू शकतो.

शुभवर्तमानातील मेंढपाळाला शंभरातले एक मेंढरू हरवल्याचे कळले, कारण त्याने कळप मोजला होता. आमची सूचना एवढीच आहे की, प्रत्येक शाळेने आपल्या वार्षिक अहवालात निकालाच्या टक्क्यांशेजारी आणखी एक आकडा छापावा : पहिलीत दाखल झालेल्यांपैकी किती मुले आपल्याच शाळेतून दहावीला बसली, आणि उरलेली कोठे गेली? ‘प्रिय बाई’ची प्रत धर्मग्रामाच्या वाचनालयात जरूर असावी. ती आधी पालकांनी वाचावी आणि मग शिक्षकांच्या हाती द्यावी.