दोन घरांमधली मोकळी जागा

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने 2022 साली बामणडोंगरीला 96 दिवसांत 96 घरांची बारा मजली इमारत उभी केली. इमारतीचे भाग साच्यात ओतायचे, ट्रेलरने आणायचे, क्रेनने उचलून जागेवर बसवायचे. या प्रीकास्ट पद्धतीचा कस लागतो तो सांध्यावर. दोन भागांतल्या सळया एकमेकींत गुंतवून तिथे ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरतात. काम कच्चं राहिलं तर पहिल्याच पावसाळ्यात भिंतीवर ओल येते. इतकी घरं इतक्या लवकर आणि एकसारखी उभी राहतात, याचं मला मनापासून कौतुक आहे.

पण याच सिडकोने चाळीस वर्षांपूर्वी बेलापूरला बांधलेलं आर्टिस्ट व्हिलेज बघायला मी पुन्हा पुन्हा जातो. आराखडा वास्तुविशारद चार्ल्स कोरियांचा. सुमारे आठ मीटरच्या अंगणाभोवती सात घरं. अशा तीन अंगणांमध्ये मिळून एक मोठी मोकळी जागा. प्लॉट साधारण 45 ते 75 चौरस मीटरचे, म्हणजे कमी मिळकतीच्या आणि सुस्थितीतल्या घराच्या जागेत फार मोठी तफावत नाही.

या आराखड्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट नकाशावर चटकन दिसत नाही. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. घरं चिकटवली असती तर विटा वाचल्या असत्या, जागाही वाचली असती. कोरियांनी तो मोह टाळला, कारण उद्या पोरगं मोठं झालं, लग्न ठरलं, तर शेजाऱ्याच्या भिंतीला हात न लावता खोली वाढवता आली पाहिजे. आणि ती वाढवायला ओळंबा आणि थापी घेऊन येणारा नाक्यावरचा गवंडी पुरेसा आहे. म्हणूनच बांधणीची रीतही त्याच्या हातातली ठेवली: साध्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर.

पुढे लोकांनी घरं वाढवली, कित्येकांनी मूळ घर पाडून तीन मजले चढवले. काही गल्ल्यांत उजेड कोंडला, हे खरंच. तरी त्याला मी आराखड्याची हार मानत नाही. घर वाढणार हे त्यात पहिल्यापासून धरलेलंच होतं. बाराव्या मजल्यावरच्या घराला ही सोय नाही. ते ताबा मिळाला त्या दिवशी जेवढं असतं, तेवढंच राहतं.

सिडकोने यंत्राचा वेग सोडू नये, घराची वाट बघणारे पुष्कळ आहेत. पण येत्या वसाहतींतल्या एका तरी सेक्टरमध्ये पाया, खांब आणि पहिला स्लॅब साच्यातून काढावा, सात-सात घरांचं अंगण राखावं आणि पुढची खोली गवंड्यावर सोडावी.