प्रमाणपत्रातलं प्रमाण

(जळोची येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? ठीक.

आधी एक कबुली देतो. सत्तरी ओलांडल्यावर मी एक ऑनलाइन प्रमाणपत्र मिळवलं आहे. विषय शैक्षणिक तंत्रविज्ञान. घरात सगळे हसले. नात म्हणाली, आजोबा, आता तुम्हाला नोकरी कोण देणार? प्रश्न बरोबर होता. पण कोर्स मी नोकरीसाठी केला नव्हता, एका प्रश्नासाठी केला होता.

माझी एक जुनी विद्यार्थिनी इथल्याच एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. तिने मला विचारलं, "सर, असा कोर्स करू का? फी भरली तर दोन-तीन महिन्यांचं मानधन जाईल. पण मुलाखतीला उपयोग होईल म्हणतात." मला उत्तर देता येईना. ज्या गोष्टीची चव घेतली नाही तिच्याबद्दल मत द्यायचं नाही, एवढं तत्त्वज्ञानाने मला शिकवलं आहे. म्हणून नाव घातलं. आजचं हे बोलणं म्हणजे तिला दिलेलं उशिराचं उत्तर समजा. संस्थेचं नाव घेणार नाही, कारण दोष एका संस्थेचा नाही.

आधी विषय काय ते पाहू. शैक्षणिक तंत्रविज्ञान म्हटलं की आपल्याकडे प्रोजेक्टर डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः ते शिकवण्याची आखणी करण्याचं शास्त्र आहे. विद्यार्थी कोण, त्याला शेवटी काय करता यायला हवं, ते आलं की नाही हे कसं कळणार, आणि त्यासाठी कोणतं साधन, या क्रमाने विचार करायचा. साधन शेवटी येतं, पहिलं नाही. अमेरिकेत यात ग्रॅज्युएट सर्टिफिकेट देतात. साधारण चार-पाच विषयांचा अभ्यासक्रम, पूर्ण मास्टर्सच्या निम्म्याहून कमी. आपल्याकडे आयआयटी मुंबईने २०१० मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र संशोधन कार्यक्रम सुरू केला आणि पुढे हजारो प्राध्यापकांना ऑनलाइन प्रशिक्षण दिलं. २०१७ मध्ये 'स्वयम्' आलं. २०१८ च्या यूजीसी नियमावलीत प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या अटींमध्ये ई-प्रमाणपत्रासह 'मूक' अभ्यासक्रमाचा पर्याय आला. हे इंग्रजी आद्याक्षरांचं नाव. मराठीत त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हीच बघा. त्या शब्दाकडे मी परत येणार आहे.

टीका करण्याआधी घेतलेल्याची नोंद करू. मी छत्तीस वर्षं शिकवलं आणि टाचणात लिहीत आलो, "विद्यार्थ्यांना अनुमान समजेल." कोर्सने विचारलं, समजलं हे तुम्हाला दिसणार कशात? 'समजेल' हे क्रियापद खोडा. 'ओळखून दाखवेल', 'चूक शोधेल', 'स्वतःचं उदाहरण देईल' असं काही लिहा. ब्लूम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेली ही उतरंड बी.एड.वाल्यांना पाठ असते. मला ती या वयात पहिल्यांदा टोचली. दुसरी गोष्ट, रिचर्ड क्लार्क या संशोधकाचा १९८३ मधला लेख. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की माध्यम हे नुसतं वाहन आहे. किराणा कोणत्या गाडीतून आला यावर खाणाऱ्याचं पोषण ठरत नाही. तंत्रविज्ञानाच्या अभ्यासक्रमात तंत्राची ही मर्यादा शिकवतात, हा त्या विषयाचा प्रामाणिकपणा. तिसरी गोष्ट आयआयटीच्या पद्धतीतली आहे. व्हिडिओ मध्येच थांबवायचा, प्रश्न विचारायचा, ऐकणाऱ्याने काहीतरी लिहायचं, मग पुढे जायचं. किती साधं! आम्ही पन्नास मिनिटं अखंड बोलत होतो आणि त्याला विद्वत्ता म्हणत होतो.

आता गाडी अडते कुठे ते सांगतो.

शेवटचा प्रकल्प म्हणून मी 'व्याप्ती' या न्यायशास्त्रातल्या संकल्पनेवर पाठ तयार केला. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हा नियम म्हणजे व्याप्ती. छान चित्रं, दर तीन मिनिटांनी प्रश्न, सगळं नियमाप्रमाणे. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गुण मिळाले. हुरूप आला. मग तोच पाठ घेऊन मी एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या तर्कशास्त्राच्या वर्गावर गेलो.

चौथ्या स्लाइडला मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, आमचं गुऱ्हाळ आहे. चुलवाणात वाळलेलं चिपाड टाकलं की नुसता जाळ असतो, धूर दिसतच नाही. ओलं टाकलं की धूरच धूर."

तुम्ही हसताय, पण माझ्या पोटात गोळा आला. कारण या मुलाने जे सांगितलं ते न्यायशास्त्रातलं पुढचं पाऊल होतं. धूर तिथे अग्नी हे खरं. पण अग्नी तिथे धूर हे नेहमी खरं नाही. त्याला एक अट लागते, ओल्या सरपणाची. नैयायिक तिला 'उपाधी' म्हणतात, आणि शतकानुशतकं त्यांचं उदाहरण हेच आहे, ओलं इंधन. गुऱ्हाळावर वाढलेल्या पोराने ते ग्रंथ न वाचता सांगितलं. आणि मी काय केलं? "तो पुढचा मुद्दा आहे, बस" म्हणालो आणि बटण दाबलं. पुढची स्लाइड आली. मुलगा बसला.

मला अठ्ठेचाळीस गुण ज्या पाठाला मिळाले तो हा पाठ. त्या मूल्यमापनात हा मुलगा कुठेच नव्हता. ज्याने गुण दिले त्याने माझी फाइल पाहिली होती, वर्ग पाहिला नव्हता. आता 'मूक' शब्दाकडे या. अशा अभ्यासक्रमात मूक कोण असतं? शिक्षक बोलतो, परीक्षक लिहितो, संगणक गुण देतो. मूक असतो तो ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो.

आपण म्हणतो 'प्रमाणपत्र'. प्रमाण म्हणजे खऱ्या ज्ञानाचं साधन. न्यायदर्शनात प्रमाणं चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रमाणपत्र यातलं कोणतं? ते शब्दप्रमाण आहे. कोणीतरी सांगतंय की या बाईंना हे येतं. पण शब्द प्रमाण कधी ठरतो? सांगणारा 'आप्त' असेल तर. आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगतो. मग विचारा, या कागदामागे आप्त कोण आहे? चाचणी पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा देता येते. उत्तरं मोबाइलवरच्या गटात फिरतात. आता तर निबंधही यंत्राकडून लिहून मिळतो. पाहिलं कोणी? कोणीच नाही. जिथे कोणी पाहिलं नाही तिथे आप्त नाही, आणि आप्त नाही तिथे कागद उरतो, प्रमाण जातं.

अभ्यासक्रम पूर्ण झाला, म्हणून शिकवणं सुधारलं, हे अनुमानसुद्धा 'अग्नी तिथे धूर' याच जातीचं. त्याला उपाधी आहे. ओलं सरपण म्हणजे प्रत्यक्ष वर्ग.

कोणी म्हणेल, सर, तुमच्या काळातली समोरासमोरची शिबिरं काय वेगळी होती? मान्य. सही करून चहाला जाणारे आम्हीच. म्हणून दूर राहून शिकणं हा दोष आहे असं मी म्हणणार नाही. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं, त्याच्यामुळे घर, शेत, नोकरी सांभाळून शिकलेल्या किती बाया तुमच्या-माझ्या घरात आहेत! लहान मूल असलेल्या शिक्षिकेला तीन आठवडे पुण्याला जाऊन राहा म्हणणं सोपं असतं. ते म्हणणारा बहुधा पुरुष असतो. ऑनलाइन हवंच. प्रश्न एवढाच की ऑनलाइनमध्ये वर्ग कसा आणायचा.

उपाय फार अवघड नाही. १९६० च्या दशकात स्टॅनफर्डला सूक्ष्म अध्यापनाची पद्धत निघाली. छोटा पाठ घ्या, कोणीतरी पाहील, सांगेल, तोच पाठ पुन्हा घ्या. आपल्या बी.एड. महाविद्यालयांत ती अजून आहे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. स्वतःच्या खऱ्या वर्गातला वीस मिनिटांचा पाठ, मुलांच्या आवाजासकट, एका सहकाऱ्याने पाहावा, एका परीक्षकाने पाहावा, मग तो पुन्हा घ्यावा. निम्मे गुण यालाच. मग सांगणारा आप्त होईल.

आपल्या शेजारचं उदाहरण आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटली. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड सगळ्यांना माहीत आहेत. पण क्रम बघा. आधी समोरची मुलं, त्यांची भाषा, त्यांची अडचण, कोड नंतर. आपण क्रम उलटा करतो आणि तंत्र चाललं नाही म्हणून तंत्राला दोष देतो.

तर माझ्या विद्यार्थिनीला उत्तर. बाई, कोर्स कर. पण आधी संस्थेला एकच विचार, माझा वर्ग कोणी पाहणार आहे का? नाही म्हणाले तर मानधन घालवू नकोस. फुकटचे धडे ऐक, आणि महिन्यातून एकदा शेजारच्या वर्गातल्या बाईंना तुझ्या वर्गात बसव, तू त्यांच्या वर्गात बस. त्याचं प्रमाणपत्र मिळणार नाही. आणि जे मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसतात त्यांनाही सांगणं आहे: कागद मोजू नका. उमेदवाराला पंधरा मिनिटं वर्गावर पाठवा आणि मागे बसा. तासिकेवर वर्षानुवर्षं राबणाऱ्या माणसाला एवढा न्याय तरी द्या.

त्या मुलाचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी परत त्या वर्गावर गेलो. प्रोजेक्टर लावला नाही. त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि म्हटलं, काल तू काय म्हणालास ते सगळ्यांना सांग. तो चुलवाण काढून दाखवत बोलला. वर्ग ऐकत होता. मी मागच्या बाकावर, त्याच्या जागेवर बसलो होतो. त्या तासाला मला कोणी गुण दिले नाहीत.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. आज "पुढचा मुद्दा आहे" असं म्हणणार नाही.