‘स्टीलची सायकल आरामशीर असते’ : हे वाक्य तपासायचं कसं?

गेल्या काही दिवसांत दोन-तीन वाचकांनी जवळपास एकच प्रश्न विचारलाय : “लिटरेचर रिव्ह्यू करताना सगळेच पेपर बरोबर वाटतात. चिकित्सा करायची म्हणजे नेमकं काय करायचं?”

उत्तर देण्यासाठी आज माझा पेपर नाही, माझी सायकल घेतो. म्हणजे अजून न घेतलेली सायकल.

मी शेफिल्डमध्ये धातूंच्या फटीगवर, म्हणजे पुन्हापुन्हा भार पडून धातू तुटतात त्यावर, पीएचडी करतोय. शहराची पश्चिमेकडची हद्द संपली की पीक डिस्ट्रिक्टचं माळरान सुरू होतं : दगड, चिखल, पाऊस. तिथे चालवायला मला स्टीलची हार्डटेल माउंटन बाइक हवी आहे. हार्डटेल म्हणजे पुढे सस्पेन्शन फोर्क आणि मागे काहीच नाही. पैसे स्टायपेंडमधून साठवलेत. निवड चुकली तर थीसिस होईपर्यंत दुसरी घेता येणार नाही. त्यामुळे गेला महिनाभर मी या विषयावर मिळेल ते वाचलं, आणि सगळीकडे तीन वाक्यं भेटली. ती एकेक करून तपासू.

वाक्य पहिलं : भारी स्टील जास्त लवचिक असतं.

सायकलच्या दुनियेत नळ्यांची नावं जातिवंत घोड्यांसारखी घेतात. रेनॉल्ड्स ही बर्मिंगहॅमची जुनी कंपनी. तिची ५३१ नळी १९३५ सालची. आज तिच्या ५२५ आणि ८५३ या नळ्या माउंटन बाइकमध्ये दिसतात. ५२५ म्हणजे क्रोमोली, तिची ताणशक्ती ७०० ते ९०० मेगापास्कल. ८५३ ची १२५० ते १४००. आकडे खरे आहेत. पण ते ताकदीचे आहेत, म्हणजे नळी किती भाराला तुटते याचे. नळी किती वाकते हे ठरतं यंग्ज मॉड्युलसवर, आणि तो साध्या स्टीलचा काय नि ८५३ चा काय, २०० ते २१० गिगापास्कलच्या आसपासच असतो. म्हणजे त्याच मापाची, त्याच जाडीची नळी दोन्ही स्टीलमध्ये सारखीच वाकणार.

मग भारी स्टीलचे पैसे कशाचे? भूमितीचे. पातळ भिंतीच्या नळीचा ताठरपणा साधारणपणे व्यासाच्या घनाच्या आणि जाडीच्या पटीत वाढतो, वजन मात्र फक्त व्यास गुणिले जाडी. व्यास २० टक्क्यांनी वाढवा, जाडी २५ टक्क्यांनी कमी करा : वजन १० टक्के घटतं आणि ताठरपणा जवळजवळ ३० टक्के वाढतो. पण एवढी पातळ नळी दगडावर आपटली की चेपणार, म्हणून ताकदवान स्टील लागतं. गंमत बघा, ८५३ ची फ्रेम लवचिक नाही तर उलट जास्त ताठरही असू शकते. ते डिझायनरने काय केलं यावर अवलंबून आहे.

चिकित्सेची पहिली पायरी इथेच आहे. लेखकाने एक राशी मोजली आणि निष्कर्ष दुसऱ्याच राशीबद्दल काढला, असं तर झालं नाही ना? पेपर वाचताना हे रोज तपासा.

वाक्य दुसरं : स्टील धक्के शोषून घेतं.

खडकावरचा धक्का बुडाशी पोचेपर्यंत टायर, चाक, फ्रेम, सीटपोस्ट, सीट अशा एकामागे एक जोडलेल्या स्प्रिंगांमधून येतो. अशा रांगेत प्रत्येकाचं दबणं बेरजेत जातं, आणि सर्वांत मऊ स्प्रिंग बाकीच्यांना झाकून टाकते. समजा टायर १५ मिलिमीटर दबला आणि फ्रेम १ मिलिमीटर. फ्रेमला मी जरा उदारपणेच दिलंय, कारण तिचा मागचा त्रिकोण उभ्या दिशेने अगदी ताठ असतो. आता फ्रेम दुप्पट मऊ करा. एकूण १६ चे १७ झाले. टायरमधली हवा थोडी कमी केलीत तर याहून मोठा फरक फुकटात पडतो.

याच्या पुराव्यासाठी नेहमी एका प्रयोगाचा दाखला दिला जातो. १९९० च्या दशकात ‘बायसिकल गाइड’ या अमेरिकन मासिकासाठी अ‍ॅलन कोटे यांनी सात फ्रेम्सची तुलना केली. इटलीतले कारागीर अँटोनियो मोंडोनिको यांनी त्या एकाच मापाच्या बनवल्या होत्या, पण प्रत्येकीत कोलंबसचा वेगळा ट्यूबसेट. कुठल्या सायकलीत कुठली नळी आहे हे चालवणाऱ्याला सांगितलं नव्हतं. स्वस्त आणि महाग नळ्यांमधला फरक चालवून काही ओळखता आला नाही.

प्रयोग मला मनापासून आवडतो. माप एक, कारागीर एक, ओळख लपवलेली. पण तो कशासाठी वापरला जातो ते पाहा. “फ्रेमच्या मटेरियलने काहीच फरक पडत नाही” असं म्हणून लोक तो पुढे करतात. त्या सातांत अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम नव्हतीच! सगळ्या स्टीलच्या, सगळ्या रोड बाइक, आणि चालवणारे अगदी मोजके. त्यावरून फार तर एवढं म्हणता येईल की त्या लोकांना स्टील-स्टीलमधला फरक जाणवला नाही. फरक नाही हे सिद्ध होणं आणि फरक सापडला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या प्रयोगाचाही त्याच्या आवाक्याबाहेर दाखला देता येतो. लिटरेचर रिव्ह्यूत हे इतकं होतं की मूळ पेपर उघडल्याशिवाय दाखला देऊ नका, असं मी हात जोडून सांगेन.

वाक्य तिसरं : स्टील जन्मभर टिकतं.

हा माझा विषय, त्यामुळे इथे जरा जास्त चिडचिड होते. स्टीलला एन्ड्युरन्स लिमिट असते, म्हणजे ठरावीक ताणाखाली कितीही वेळा भार दिला तरी ते तुटत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. पुस्तकातलं हे विधान बरोबर आहे, पण ते गुळगुळीत घासलेल्या नमुन्याचं, कोरड्या हवेतलं. फ्रेमला वेल्ड असतात, आतून गंज असतो, चिखलाचे ओरखडे असतात.

१९९७ मध्ये ‘टूर’ या जर्मन मासिकासाठी ईएफबीई या चाचणी संस्थेने १२ रोड फ्रेम्स यंत्रावर बसवून त्यांच्यावर लाखो वेळा भार दिला. न तुटता तीनच उरल्या : दोन अ‍ॅल्युमिनियमच्या, एक कार्बनची. स्टीलची एकही नाही. म्हणून अ‍ॅल्युमिनियम श्रेष्ठ? तेही नाही. अ‍ॅल्युमिनियमच्याही काही फ्रेम्स तुटल्याच. मटेरियलपेक्षा डिझाइन आणि जोडकाम जास्त ठरवतं, एवढंच या सॅम्पलवरून म्हणता येतं.

तर मग स्टीलचे चाहते खोटं बोलतात का? मला तसं वाटत नाही, आणि नवशिक्या टीकाकाराची चूक इथेच होते. बारीक नळ्यांची फ्रेम वळणावर बाजूला थोडी पिळते, आणि हे यंत्रावर मोजता येतं. अनेक स्टील हार्डटेलना २७.२ मिलिमीटरचा सीटपोस्ट बसतो. त्याच जाडीचा ३१.६ चा पोस्ट त्याच्या दीडपटीहून जास्त ताठर असतो. म्हणजे चालवणाऱ्याला जाणवलेलं सुख खरं असू शकतं, फक्त त्याने दिलेलं कारण चुकीचं असू शकतं. निरीक्षण आणि स्पष्टीकरण वेगवेगळं तपासायचं. स्पष्टीकरण पडलं म्हणून निरीक्षणही फेकून देऊ नका.

आता प्रत्यक्ष निवडीचं. तिन्ही वाक्यं बाजूला ठेवल्यावर माझ्या वहीत उरलेली यादी अशी :

- मापं. रीच आणि स्टॅक माझ्या शरीराला बसतात का? हार्डटेलवर बसलं की फक्त पुढचा फोर्क दबतो. १४० मिलिमीटरचा फोर्क २० टक्के दबला तर हेड अँगल सव्वा अंशाच्या आसपास उभा होतो. म्हणून कागदावरचा अँगल मागेही सस्पेन्शन असलेल्या सायकलीशी थेट ताडून पाहू नये.
- टायरला जागा. आराम तिथून येणार आहे, तर २.४ इंची टायर चिखलासकट फिरला पाहिजे.
- स्टिकर. ‘८५३’ लिहिलंय ते सगळ्या नळ्यांना, पुढच्या तीन नळ्यांना, की एकट्या डाउनट्यूबला? पेपरचा मेथड्स विभाग वाचतो तसं स्पेसिफिकेशन वाचा.
- चाचणी. फ्रेम आयएसओ ४२१० प्रमाणे तपासली आहे का, आणि किती लांबीच्या फोर्कपर्यंत चालते?
- गंज. पाणी निघायला भोकं आहेत का? नसतील तर इथल्या पावसात जन्मभराची गोष्ट विसरा.

या यादीत ‘स्टील’ हा शब्दच नाही, हे लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. तासभर जरा उदास होतो. मग दोन सायकली, एक स्टीलची आणि एक अ‍ॅल्युमिनियमची, सारखे टायर, सारखी हवा ठेवून लेडी कॅनिंग्ज प्लांटेशनच्या ट्रेलवर चालवल्या. फरक वाटला का? वाटला. पण कुठली कुठली ते मला माहीत होतं, त्यामुळे त्या वाटण्याला मी फारसं वजन देत नाही.

घेणार मी स्टीलचीच आहे. तडा गेला तर चांगला कारागीर ती जोडू शकतो, अर्धा-एक किलो जास्त वजनाने माझं काही बिघडत नाही, आणि बारीक नळ्या मला दिसायला आवडतात. हे शेवटचं कारण आवडीचं आहे, आणि मी ते आवड म्हणूनच लिहितोय, त्याला विज्ञानाचा कोट घातलेला नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ : तुमच्या विषयात सगळे जण बिनदिक्कत म्हणतात असं एक वाक्य निवडा. त्यात काय मोजलं, कशावर मोजलं, आणि दाखला कुठपर्यंत पोचतो, हे एका पानावर लिहा. ते पान म्हणजे तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूचं पहिलं पान.