ग्रेगॉर साम्साचे घर

फ्रान्झ काफ्का (१८८३–१९२४) या प्रागच्या ज्यू लेखकाने १९१२ च्या अखेरीस जर्मन भाषेत लिहिलेली व १९१५ साली प्रसिद्ध झालेली 'मेटामॉर्फॉसिस' ही दीर्घकथा सर्वपरिचित आहे. कापडाचा फिरता विक्रेता असलेला ग्रेगॉर साम्सा एके सकाळी जागा होतो तो किड्याच्या देहात, आणि काही महिन्यांनी आपल्याच खोलीत मरून पडतो. समीक्षकांनी या कथेत आधुनिक माणसाचे एकाकीपण पाहिले. ते चूक नव्हे. परंतु त्यामुळे ग्रेगॉरच्या भोवतीची माणसे दुय्यम ठरतात. प्रस्तुत लेखकाच्या मते कथेचा गाभा त्या माणसांत आहे. किंबहुना ती ज्या मापाने माणूस मोजतात, त्या मापात आहे.

बाहेरचा पहिला माणूस येतो तो कचेरीचा मुख्य कारकून. एक गाडी चुकली एवढ्यावरून तो घरी येतो, बंद दाराआडच्या ग्रेगॉरच्या कामाविषयी आणि वसुलीच्या पैशाविषयी संशय बोलून दाखवितो, आणि दार उघडताच जिना उतरून पळतो. पळताना त्याची काठी मागे राहते. तीच काठी उचलून बाप मुलाला खोलीत हाकलतो. काफ्का यावर काही भाष्य करीत नाही. ज्याचे कर्ज फेडण्यासाठी ग्रेगॉर राबत होता, त्या मालकाच्या माणसाची काठी बापाच्या हाती सहज बसते, एवढेच तो दाखवितो.

बहीण ग्रेटे हिचे वर्तन अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. प्रथम तीच अन्न आणते. त्याला काय रुचेल हे कळावे म्हणून नाना पदार्थ मांडून ठेवते. तरीही दुधाचे भांडे उचलताना ती उघडा हात लावीत नाही, फडक्याने धरते. आपले दर्शन तिला सोसत नाही हे ओळखून ग्रेगॉर चार तास खपून अंगावर चादर ओढून घेतो. ही दोन दृश्ये वाचताना आपल्या वाचकांना अस्पृश्यतेची आठवण होणे अटळ आहे. मूळ जर्मन शब्दाचा जुना अर्थ 'बळी देण्यासही अपात्र असा अपवित्र प्राणी' असा सांगतात, त्यामुळे हा मोह आणखी वाढतो. तथापि ग्रेगॉरला 'दलित' ठरवून मोकळे होण्याची घाई करू नये. तो कालपर्यंत घराचा कर्ता होता. त्याचे बहिष्कृतपण एका रात्रीत आले. जातिव्यवस्था माणसाला कर्ता होऊ देत नाही, आणि तिचा विटाळ जन्मापासून मरणानंतरच्या जागेपर्यंत पुरतो. हे दोन अनुभव एक मानणे दोहोंवरही अन्याय करणारे आहे.

साम्य आहे ते दुसरीकडे. बाप सफरचंदे फेकतो, त्यांतले एक पाठीत रुतून तेथेच कुजते. भाडेकरू ग्रेगॉरचे निमित्त करून राहिलेल्या दिवसांचेही भाडे नाकारतात. अखेर ग्रेटे म्हणते की, या प्राण्यापुढे मी भावाचे नाव उच्चारणार नाही. 'तो'चे 'ते' होते. (मराठीत नपुंसकलिंग असल्याने अनुवादकाला हा आघात आणता येतो, हिंदीत ती सोय नाही.) पण याहून भयंकर गोष्ट पुढे आहे. आपण नाहीसे व्हावे, हे मत बहिणीपेक्षाही ग्रेगॉरलाच अधिक ठामपणे पटते, आणि घरच्यांविषयी माया बाळगून तो पहाटे प्राण सोडतो. हे त्याचे औदार्य असे काहीजण मानतात. आम्हांस हे मान्य नाही. घराने लावलेले माप येथे त्याने स्वतःलाच लावले आहे: मिळवीत नाही, म्हणून असण्याचा हक्क नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने पीडित भिक्खूची कथा आहे. बाबासाहेबांनी ती 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात घेतली आहे. आपल्याच मलमूत्रात पडलेल्या त्या भिक्खूला तथागत विचारतात की, तुझी शुश्रूषा का होत नाही? तो उत्तरतो, मी भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून. तक्रारीचा सूरही नाही; ग्रेगॉरप्रमाणेच त्यालाही ते माप रास्त वाटते. तथागत त्याच्याशी वाद घालीत नाहीत. आनंदाकडून पाणी मागवून ते स्वतः ओततात, आनंद धुतो. एकाने डोके, दुसऱ्याने पाय धरून त्याला मंचकावर निजवितात. मग संघाला ते सांगतात की, तुमची काळजी घेण्यास येथे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची घेतली पाहिजे. या युक्तिवादात आईबाप शुश्रूषा करतातच, हे गृहीत आहे. काफ्काने नेमके तेच गृहीत मोडले. साम्सांच्या घरात आईबाप आहेत, बहीण आहे, आणि धुणारे कोणी नाही.

ग्रेगॉरला न भिणारी एकच व्यक्ती कथेत आहे, ती म्हातारी मोलकरीण. तिला करुणा नाही, ती खुर्चीही उगारते. पण ती त्याच्याकडे पाहते, बोलते. त्याचा मृत्यू प्रथम तिलाच कळतो, प्रेताची विल्हेवाटही तीच लावते. ती कशी लावली हे सांगण्यास ती उत्सुक असते. घरचे ऐकून घेत नाहीत, आणि तिलाच कामावरून काढण्याचे ठरवितात. बाप देवाचे आभार मानतो. तिघे आपापल्या मालकांना रजेची पत्रे लिहून ट्रामने गावाबाहेर जातात. वाटेत हिशोब होतो: तिघांच्या नोकऱ्या बऱ्या आहेत, ग्रेगॉरने निवडलेल्या घरापेक्षा लहान व स्वस्त घर पाहावे. आणि आईबापांच्या लक्षात येते की मुलगी वयात आली आहे, आता तिच्यासाठी चांगले स्थळ शोधावयास हवे. प्रवास संपताच ग्रेटे सर्वांआधी उठून अंगाला आळोखेपिळोखे देते, आणि दोघेही तिच्याकडे निरखून पाहत असतात.