उभा कागद, आडवे कार्ड

हौशी रेडिओ (हॅम) म्हटले की आपल्याकडे १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवतो. तेथे संदेशवहनासाठी हॅम मंडळी धावून गेली होती. या छंदाला कागदाचीही एक बाजू आहे. दोन केंद्रांचा संपर्क झाला की ती एकमेकांना पोच म्हणून पोस्टकार्डाएवढे ‘क्यूएसएल’ कार्ड पाठवतात. आता संगणकावरूनही पोच देता येते, तरी छापील कार्डाची प्रथा टिकून आहे. ही कार्डे घरी छापण्याच्या एका आज्ञावलीत ‘कागद उभा की आडवा’ असा पर्याय नव्याने आला आहे. तो आम्ही वापरून पाहिला.

असा पर्याय का हवा, हे साधे गणित सांगते. कार्डाचे रूढ माप १४ × ९ सेंमी. ए-४ कागदाचे २१ × २९.७ सेंमी. कागद उभा आणि कार्डे आडवी ठेवली, तर रुंदीत एक आणि उंचीत तीन, अशी ३ कार्डे बसतात. कागद आडवा केला की रुंदीत दोन व उंचीत दोन, म्हणजे ४. पाचवे कोणत्याही युक्तीने बसणार नाही. पाच कार्डांचे क्षेत्रफळ ६३० चौ. सेंमी होते आणि कागदाचे ६२३.७ चौ. सेंमीच आहे. शंभर कार्डांना ३४ ऐवजी २५ कागद पुरतात. जाड, महाग कागद घेणाऱ्या शाळेच्या मंडळाला ही बचत लहान नाही.

म्हणजे हेतू चांगला आहे. अंमल मात्र अपुरा. पर्याय बदलला की कागदाची लांबी-रुंदी बदलते, पण कार्डांच्या जागा पूर्वीच्याच राहतात. तिसरे कार्ड वरून १८ ते २७ सेंमीमध्ये असते आणि आडव्या कागदाची उंची २१ सेंमीवर संपते. त्या कार्डाचा खालचा भाग छापलाच जात नाही. नेमक्या त्याच भागात तारीख, वेळ आणि संदेश किती स्पष्ट ऐकू आला याची नोंद असते.

ही किरकोळ गैरसोय नव्हे. समजा, दिवाळे गावातल्या एका परवानाधारक विद्यार्थ्याने ५ जानेवारीला रात्री अडीच वाजता संपर्क साधला. कार्डावर जागतिक वेळ लिहायची, म्हणजे साडेपाच तास वजा करून ४ जानेवारी, २१.०० वाजता. हा मजकूर कापला गेला आणि नंतर हाताने खाडाखोड करून भरला, तर ‘डीएक्ससीसी’सारख्या सन्मानासाठी ते कार्ड नाकारले जाऊ शकते. रात्र जागवून मिळवलेला पुरावा छपाईत वाया जातो.

दुसरा दोष विचाराचा आहे. कागद कसा ठेवावा हा बचतीचा प्रश्न. कार्ड उभे वाचायचे की आडवे, हा वाचणाऱ्याचा. येथे दोन्ही एकाच कळीला बांधले आहेत. कार्डे ९० अंशांत वळवली तर उभ्या कागदावरही चार बसतात. पण ही वाट वापरणाऱ्याला मिळतच नाही. शिवाय दोन्ही बाजूंना छापताना कागद लांब कडेवरून उलटायचा की आखूड, हे विचारले जात नाही. चुकीच्या कडेवरून उलटल्यास मागचा मजकूर डोक्यावर उभा राहतो.

आमच्या मते कागदाची दिशा, कार्डाची दिशा आणि उलटण्याची कड असे तीन स्वतंत्र पर्याय हवेत, आणि प्रत्येक बदलानंतर कार्डांच्या जागा नव्याने मोजल्या जायला हव्यात. तोपर्यंत प्रथम साध्या कागदावर छापून, तो उजेडासमोर धरून दोन्ही बाजू जुळतात का ते पाहावे.

शिक्षकांना यात एक चांगला पाठही सापडेल. १४ × ९ सेंमीचे तुकडे मुलांना द्यावेत आणि ए-४ कागदावर जास्तीत जास्त किती बसतात ते शोधायला सांगावे. काही जण पाचव्यासाठी बराच वेळ झटतील. त्यांना झटू द्यावे आणि मग क्षेत्रफळ काढायला सांगावे.