ऑक्सबो : नदी, रान आणि कुऱ्हाड

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जॉन सिंगलटन कॉपलीने १७७१ साली रंगविलेले डॅनियल व्हरप्लँक या बालकाचे व्यक्तिचित्र आहे. मुलाच्या हाती साखळी, साखळीला खार. मागचा निसर्ग हा केवळ पडदा. त्याच संग्रहातील थॉमस कोलच्या ‘द ऑक्सबो’मध्ये (१८३६) मात्र निसर्गच नायक झाला आहे. डावीकडे वादळ आणि रान, उजवीकडे कनेक्टिकट नदीचे वळण व उन्हात न्हालेली शेते. खाली खडकांत चित्रकार स्वतः बसला आहे, पण इतका लहान की त्याला शोधावे लागते.

दूरच्या टेकडीवर झाडे तोडल्याच्या खुणा आहेत. त्यांत काही अभ्यासक ‘नोहा’ हे हिब्रू नाव वाचतात. सेमिनरीत ही अक्षरे गिरवलेल्या मला ते ओढूनताणून काढलेले वाटते. त्या खुणा कुऱ्हाडीच्या आहेत, एवढेच पुरेसे बोलके नाही काय? रानाचा हा ऱ्हास कोलला सलत होता; त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन निसर्गावरील निबंधात त्याने ती व्यथा मांडली. मात्र या खोऱ्यात पूर्वापार शेती करणारे नॉनोटक लोक चित्रात कोठेच नाहीत. झाडांसाठी हळहळणाऱ्या या संवेदनशील कलावंताला त्यांची उणीव भासली नाही, हे मला त्या वादळाहून अधिक अस्वस्थ करते.