लेबल बरोबर होतं, अर्थ चुकला

संशोधनाची तयारी करत असाल तर ऑग्स्टनचा १९४८चा 'नेचर'मधला टिपणवजा लेख एकदा वाचाच. पानभराचाच आहे आणि त्यात स्वतः केलेला एकही प्रयोग नाही. तरी तो का टिकला, आणि कुठे कमी पडतो, ते पाहू.

आधी पार्श्वभूमी. १९४१ मध्ये इव्हान्स आणि स्लॉटिन यांनी कबुतराच्या यकृताला पायरुव्हेट आणि किरणोत्सारी कार्बन डायऑक्साइड दिला. हा कार्बन-११, अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटं. म्हणजे सगळं काम घड्याळाशी शर्यत लावून! तयार झालेल्या अल्फा-कीटोग्लुटारिक आम्लात लेबल नेमकं कुठल्या कार्बनवर आहे, हे शोधायला त्यांनी रेणूच तोडला. परमँगनेटने कीटो गटाशेजारचा कार्बॉक्सिल कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो, उरलेल्या चार कार्बनांचं सक्सिनिक आम्ल होतं. किरणोत्सार सापडला तो सुटलेल्या वायूत. सक्सिनिक आम्ल कोरडं!

आता तर्क पाहा. सायट्रिक आम्लाच्या दोन टोकांच्या भुजा अगदी सारख्या. लेबल त्यातून गेलं असतं तर दोन्हीकडे निम्मं-निम्मं वाटलं गेलं असतं. तसं झालं नाही; म्हणजे सायट्रिक आम्ल मुख्य वाटेवर नाही. बऱ्याच जणांना हे पटलं आणि काही वर्षं ते आडवाटेला टाकलं गेलं.

ऑग्स्टनने आकड्यांना हात लावला नाही. त्याने विचारलं: भुजा सारख्या, पण कोणासाठी? एन्झाइम स्वतः असममित आहे. त्याने रेणूला तीन ठिकाणी पकडलं, तर त्या दोन भुजा त्याच्या लेखी वेगळ्याच. पुढच्याच वर्षी पॉटर आणि हायडेलबर्गर यांनी लेबल लावलेल्या सायट्रिक आम्लावर प्रयोग करून हे खरं असल्याचं दाखवलं.

लेखाची खरी ताकद दाव्याच्या मापात आहे. 'सायट्रिक आम्लच मध्यस्थ आहे' असं तो म्हणत नाही. तुमचा पुरावा त्याला बाद करायला पुरत नाही, एवढंच म्हणतो. शोधनिबंधात हा फरक सांभाळणं अवघड असतं बरं का.

आता उणीव. तीन बिंदू पुरतात, पण रेणू एन्झाइमकडे एकाच बाजूने येत असेल तरच. ही अट लेखात गृहीतच धरली आहे. २००० मध्ये मेसेकर आणि कॉशलंड यांनी आयसोसायट्रेट डिहायड्रोजिनेजवर दाखवलं, की बाजू ठरलेली नसेल तर चौथं ठिकाण लागतं. दुसऱ्याचं गृहीतक पकडणाऱ्या लेखातही एक गृहीतक लपलेलं होतं!

म्हणून पाठ्यपुस्तकं ही गोष्ट 'जुने चुकले, ऑग्स्टन जिंकला' अशी सांगतात, ते मला पटत नाही. इव्हान्स-स्लॉटिनचं मोजमाप आजही बरोबर आहे. चूक झाली ती मोजमाप आणि निष्कर्ष यांच्यामधल्या, कोणीच न लिहिलेल्या वाक्यात. तुमच्या प्रस्तावात ते वाक्य शोधा, आणि मार्गदर्शकांनी विचारायच्या आत लिहून टाका.